घरातल्या वयस्कर माणसांनी पडू नये म्हणून: काय करायचं, कुठून सुरू करायचं

घरात सत्तरी-ऐंशीचं माणूस असलं की "जपून चाला हं" हे दिवसातून कितीदा तरी म्हटलं जातं. पण रात्री तीन वाजता लघवीची घाई झालीय, चष्मा सापडत नाहीये, दिव्याचं बटण पार दाराजवळ आणि बाथरूममध्ये पाणी सांडलेलं, अशा वेळी माणूस जपून जपून किती जपणार? जपण्याची सगळी जबाबदारी त्यांच्यावर टाकण्यापेक्षा घरच असं करून ठेवायचं की थोडं कमी जपलं तरी निभावेल, एवढंच मला सांगायचंय.

आमच्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिथून हे सगळं आमच्या घरात सुरू झालं. माहिती मिळत होती ती तुकड्यातुकड्यात, ऑर्थोपेडिकवाले हाडाचं सांगायचे, फिजिओ व्यायामाचं, मेडिकलवाला औषधांचं आणि हार्डवेअरच्या दुकानात तर वेगळंच काहीतरी. कुठलं काम आधी करायचं हे कुणी सांगत नव्हतं, म्हणून ते क्रमानं लिहितेय. घरात अजून कुणी पडलेलं नसेल तर फारच चांगलं, आत्ताच सुरू करा.

६५ च्या पुढच्या साधारण तीनातला एक जण वर्षातून एकदा तरी पडतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि एकच कारण असं क्वचितच असतं, बहुतेक वेळा दोन-तीन गोष्टी एकत्र येतात. झोपेच्या गोळीची गुंगी, अधिक अंधार, अधिक सरकणारं पायपुसणं. यातली एक जरी काढून टाकली तरी ते पडणं टळू शकतं, त्यामुळे सगळं एकदम जमणार नाही म्हणून सोडून देऊ नका, जे जमेल ते करत चला.

सुरुवातीला हाताशी हे घ्या:
- मोजायची टेप
- बीपीचं मशीन (दंडाला पट्टा बांधायचं, मनगटाचं नको)
- सेकंदकाटा दिसणारं घड्याळ किंवा फोन
- एक मोठी पिशवी, सगळी औषधं टाकायला
- एक वही

१. आधी नुसतं बघा, खरेदी नंतर

लोक थेट ऑनलाइन जाऊन मॅट आणि काठी मागवतात. थांबा थोडं. आधी दोन दिवस घरातलं माणूस कसं चालतं ते लांबून बघा. खुर्चीतून उठताना हात टेकवायला लागतात का, चालताना टेबल-कपाट-भिंत असं धरत धरत जातात का, वळताना पाय अडखळतो का. आणि भिंतीकडे बघा. आमच्याकडे पॅसेजच्या पांढऱ्या रंगावर एका विशिष्ट उंचीला हाताचे मळकट डाग होते, बाथरूमच्या चौकटीवर तर रंगच गुळगुळीत झालेला. म्हणजे जिथं आधार लागतो तिथं त्या आधीपासून भिंत धरतच होत्या, फक्त बोलल्या नव्हत्या. पुढे बार (भिंतीला लावायचा, धरायचा दांडा) कुठं लावायचा ते या डागांनीच सांगितलं.

"पडलात का कधी?" असं विचारलं की उत्तर "छे" असंच येतं, कारण त्यांना भीती असते की आता आपलं बाहेर जाणं बंद करतील. त्यापेक्षा "कुठं तोल जातो का, कुठल्या जागी भीती वाटते" असं विचारा. मग बोलतात.

एक साधी टेस्ट घरीच करता येते. हात असलेली खुर्ची ठेवा, तिथून ३ मीटरवर फरशीवर खडूनं रेघ मारा. नेहमीची चप्पल आणि असेल तर काठी घेऊन, खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरून डॉक्टरांशी बोला. तुम्ही शेजारी उभं राहायचं, हात लावायचा नाही पण पटकन धरता येईल असं. आणि "चला चला लवकर" अजिबात म्हणायचं नाही.

२. औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करा

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथं, आणि या पायरीला खर्चही जवळजवळ काही नाही. एका माणसाला बीपीचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, गुडघ्याचे वेगळे, शिवाय शेजारच्या काकूंनी सांगितलेली गोळी, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली सर्दीची गोळी, जुन्या डब्यातली झोपेची. सगळं एकत्र कुणीच बघितलेलं नसतं. म्हणून नुसत्या चिठ्ठ्या न्यायच्या नाहीत, खरोखरच्या स्ट्रिप्स, थेंब, पावडरी, चूर्ण सगळं पिशवीत टाकून फॅमिली डॉक्टरकडे न्यायचं आणि विचारायचं की यातलं कशानं चक्कर, गुंगी किंवा बीपी कमी होऊ शकतं.

विशेष करून यांच्याबद्दल विचारा:
- झोपेच्या आणि घाबरटपणाच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम)
- नसांच्या दुखण्यावरची अमिट्रिप्टिलिन
- सर्दी-खाजेच्या गोळ्या, ज्यानं झोप येते
- बीपीच्या गोळ्या, विशेषतः एकापेक्षा जास्त असतील तर
- लघवी जास्त होण्याच्या गोळ्या. सकाळी घ्यायची गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर रात्रभर उठबस होते
- पुरुषांना प्रोस्टेटसाठी दिलेली टॅम्सुलोसिनसारखी औषधं, यानं उभं राहिल्यावर बीपी उतरू शकतं
- शुगरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, ज्यानं साखर एकदम खाली जाऊ शकते

मोठा धोका: झोपेची गोळी वाचून घाबरून स्वतःच बंद करू नका. वर्षानुवर्षं घेतलेली असेल तर एकदम थांबवल्यानं त्रास होतो, फिट्सुद्धा येऊ शकतात. ती डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

आणि उपवास. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, शुगरची गोळी नेहमीसारखी घ्यायची आणि दिवसभर थोडी भगर नाहीतर एक राजगिऱ्याचा लाडू, हे फार घरांत चालतं. उपवास सोडा म्हणून कुणी ऐकत नाही, तेव्हा त्या दिवशी गोळीचं काय करायचं ते आधीच विचारून वहीत लिहून ठेवा.

३. उभं राहिल्यावरचं बीपी

दवाखान्यात बीपी बसवून मोजतात. पण बऱ्याच जणांचं उठून उभं राहिलं की धाडकन खाली येतं, डोळ्यांपुढे अंधारी, आणि तिथंच पडतात. घरी बघायचं असं: ५ मिनिटं आडवं पडून राहायचं, बीपी घ्यायचं. मग उभं राहायचं, १ मिनिटानं एकदा आणि ३ मिनिटांनी एकदा घ्यायचं. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. मोजताना दुसरं माणूस जवळ पाहिजेच, आणि चक्कर आली तर आकड्याच्या मागे लागू नका, लगेच बसवा.

तोपर्यंत सवय लावायची ती उठण्याची. आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय खाली सोडून पावलं वर-खाली हलवायची, मिनिटभर थांबायचं, मग उभं राहायचं, आणि उभं राहिल्यावर लगेच चालायचं नाही. बेल वाजली, फोन वाजला तरी हेच. आमच्याकडे नातवंडांना, दूधवाल्याला, कुरिअरवाल्याला सगळ्यांना सांगून ठेवलंय की बेल एकदाच वाजवा आणि थांबा, आजी येतायत. सारखी सारखी बेल वाजवली की माणूस धावतो हो.

४. डोळे, पाय, चप्पल

वर्षातून एकदा डोळे तपासायचेच. मोतीबिंदू असेल तर "अजून पिकला नाही" म्हणून वर्षं काढू नका, आता पिकायची वाट बघत नाहीत. आणि एक गोष्ट चष्म्याच्या दुकानात सहसा सांगत नाहीत: बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून खाली बघितलं की जवळचं वाचायचा भाग डोळ्यांसमोर येतो आणि पायरीची कड धूसर दिसते. जिना उतरताना मान खाली वाकवून वरच्या भागातून बघायचं, नाहीतर बाहेर फिरायला फक्त लांबचा एक वेगळा चष्मा करून घ्यायचा.

शुगर असेल तर पायांची संवेदना तपासून घ्या. जमीन नीट जाणवतच नसेल तर तोल कसा सांभाळणार? शाकाहारी घरात आणि मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) चालू असणाऱ्यांचं बी-१२ सुद्धा बघायला सांगा. डी व्हिटॅमिनचं म्हणाल तर कमी असेल तर घ्यायचंच, पण ६०,००० युनिटचं पाकीट किती आठवडे घ्यायचं ते विचारल्याशिवाय आपलं आपण वर्षभर चालू ठेवू नका. प्रचंड मोठे डोस एकदम दिल्यावर पडणं उलट वाढल्याचंही अभ्यासात दिसलंय. हाडांची घनता बघायची डेक्सा नावाची टेस्ट असते, तीही याच वेळी विचारून घ्या.

चप्पल: अंगठ्याची झिजलेली रबरी स्लीपर आजच्या आज बाहेर. मागे पट्टा असलेली, पातळ पण कडक तळाची, खाली खाचा असलेली सँडल घरात घालायची. घरात चप्पल घालायची नाही असा रिवाज असेल तर एक नवा जोड फक्त घरासाठी ठेवा, देवघरापाशी तो काढायला एक खुर्ची ठेवा. नुसते मोजे घालून टाइल्सवर चालणं सगळ्यात वाईट. साडी, परकर, गाऊन, लुंगी यांची लांबी घोट्याच्या वर. सासूबाईंच्या सगळ्या गाऊनना मी चार बोटं दुमड घालून आणली.

५. पलंगापासून संडासपर्यंतची वाट

घरातली एकच जागा दुरुस्त करायची असेल तर ही करा. रात्री सगळे दिवे घालवून स्वतः त्या पलंगावर झोपा आणि उठून संडासपर्यंत चालत जा. जिथं हात चाचपडतो, जिथं पाय कशाला तरी लागतो, ते सगळं वहीत.

- पलंगाची उंची: कडेला बसल्यावर पावलं पूर्ण जमिनीला टेकली पाहिजेत आणि गुडघे काटकोनात. गादीवर गादी घालून उंच केलेला पलंग किंवा अगदी खालचा दिवाण, दोन्ही वाईट.
- उशाशी हात पुरेल असं बटण किंवा दिवा. वाटेत दोन-तीन ठिकाणी जमिनीलगत सेन्सरचे छोटे दिवे, माणूस आलं की आपोआप लागतात. लाइट जाते तिथं बॅटरीवाले घ्या.
- चष्मा, पाणी, टॉर्च, फोन कायम एकाच जागी.
- वाटेतलं पायपुसणं, गालिचा, टीपॉय, चार्जरची वायर, व्हॅक्यूमचा पाइप सगळं बाजूला. पायपुसणं हवंच असेल तर खाली रबर असलेलं आणि कडा न वळणारं.
- उंबरा काढता येत नसेल तर त्याच्यावर उठून दिसणारी रंगीत पट्टी चिकटवा. ग्रॅनाइटचा काळा उंबरा आणि गडद फरशी असली की वयस्कर डोळ्यांना ती पायरी दिसतच नाही.

रात्री सारखं उठावं लागत असेल आणि बाथरूम लांब असेल तर पलंगाशेजारी कमोड खुर्ची ठेवा. सुरुवातीला लाज वाटते, नको म्हणतात. "फक्त रात्रीपुरती, सकाळी उठायच्या आत मी नेऊन ठेवीन" असं सांगितल्यावर आमच्याकडे तयार झाल्या.

६. बाथरूम

इथं घाई करू नका आणि पैसेही वाचवू नका.

*बार.* टॉवेलचा रॉड, नळ, बेसिन हे आधार नव्हेत, माणसाचं वजन पडलं की ते भिंतीसकट हातात येतात. व्हॅक्यूमनं चिकटणारे बार ऑनलाइन खूप मिळतात, ड्रिल नको म्हणून लोक घेतात, ओल्या टाइलवर ते कधी सुटतील सांगता येत नाही, घेऊ नका. स्टेनलेस स्टीलचा, शक्यतो ३०४ ग्रेडचा, मुठीत नीट बसेल इतका जाड आणि खरखरीत पकडीचा बार घ्या.

आमच्याकडे फिटिंगवाल्यानं पहिला बार साध्या प्लॅस्टिकच्या गिट्टीत स्क्रू मारून बसवला, चार दिवसांत हलायला लागला. विटांच्या पक्क्या भिंतीत अँकर फास्टनर लागतो. नवीन बिल्डिंगमध्ये सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकची भिंत असते, तिथं साधा फास्टनर नीट धरत नाही, केमिकल अँकर किंवा त्या ब्लॉकसाठीचा वेगळा फास्टनर लागतो. भिंत कशाची आहे ते आधी सोसायटीला किंवा बिल्डरला विचारा, आणि आतून पाण्याचे पाइप कुठून गेलेत तेही, नाहीतर ड्रिल थेट पाइपात जाईल. बसवून झाल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसानं त्याला लटकून बघायचं, फिटिंगवाल्याच्या समोर, पैसे द्यायच्या आधी.

कुठं लावायचा? साधारण ३३ ते ३६ इंचावर अशी पुस्तकी उंची आहे, पण तुमच्या माणसाला तिथं प्रत्यक्ष बसवा, उठताना हात आपोआप कुठं जातो तिथं पेन्सिलनं खूण करा. एक कमोडच्या शेजारी, एक अंघोळीच्या जागी आणि एक उभा बार दाराशी, आत शिरताना धरायला. सासूबाई आधी म्हणाल्या, "मी काय आजारी आहे का, हॉस्पिटल करून टाकलंस घराचं." मी म्हटलं, "आई, तुमच्या एकट्यासाठी नाही, अंघोळीनंतर आम्हीसुद्धा धरतो." आणि खरंच सगळेच धरतात आता.

*कमोड.* भारतीय पद्धतीचा संडास असेल आणि तो बदलणं शक्य नसेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. चारही पायांना रबर आहे का आणि जमीन उतरती असली तरी ती डुलत नाही ना, ते बघून घ्या. वेस्टर्न कमोड असून तो बसायला फार बुटका होत असेल तर उंची वाढवणारी सीट मिळते, पण क्लॅम्पनं घट्ट बसणारीच घ्या.

*अंघोळ.* बादली-तांब्यानं अंघोळ करताना वाकून पाणी घेणं आणि डोळ्यांत साबण, इथंच तोल जातो. बसून अंघोळ करायची. पण घरातलं ते प्लॅस्टिकचं स्टूल नको, ओल्या फरशीवर त्याचे पाय फाकतात. पाठ आणि हात असलेली, रबरी पायांची शॉवर खुर्ची घ्या, आणि बादली एका मजबूत उंच चौरंगावर ठेवा म्हणजे वाकावं लागत नाही. हाताचा शॉवर असेल तर उत्तमच. साबण, उटणं, टॉवेल, बदलायचे कपडे सगळं बसल्याजागी हाताशी. कपडे उभं राहून बदलायचे नाहीत, साडीसुद्धा खोलीत पलंगाशी.

*फरशी.* चकचकीत टाइल्स बदलणं शक्य असेल तर खरखरीत मॅट टाइल घाला. नसेल तर अँटी-स्किड पट्ट्या किंवा खाली व्हॅक्यूमचे कप असलेली मॅट. मॅट रोज उचलून उभी वाळवायची, नाहीतर खाली साबणाचा चिकट थर साठतो आणि तीच घसरते. अंघोळ झाली की वायपरनं पाणी ओढायचं, हे काम त्यांनी नाही, दुसऱ्या कुणीतरी करायचं.

*तेल आणि पावडर.* तेल लावून अंघोळ करायची सवय असेल तर करा, पण तळपायाला तेल नको, ते रात्री झोपताना पलंगावर बसून लावा आणि मग मोजे घाला, उठायचं झालं तर मोजे काढून चप्पल. अंगाला लावायची पावडर फरशीवर सांडली की बर्फासारखी निसरडी होते, ती पलंगावर बसूनच.

*कडी.* आतून कडी लावायची नाही. लाज वाटत असेल तर बाहेर "आत आहे" अशी पाटी लावा, नाहीतर बाहेरूनही उघडता येईल असं लॉक बसवा. दार आत उघडणारं असेल आणि माणूस दारालगत पडलं तर बाहेरून ते उघडतच नाही, म्हणून सुताराला विचारून बाहेर उघडणारं करून घ्या.

७. बाकीचं घर

रोजचं सामान कंबर ते खांदा या उंचीवर. माळ्यावरचं, पलंगाखालचं त्यांनी काढायचं नाही, आणि दिवाळीची साफसफाई करताना स्टुलावर चढायचं तर मुळीच नाही. कपडे वाळत घालायला दोरी-कप्पीनं खाली येणारं स्टँड. देवघर उंचावर घ्या म्हणजे खुर्चीत बसून पूजा होते, पाटावरून उठताना फार जण कलंडतात. उंबऱ्यासमोरची रांगोळी पाय पडणार नाही अशी कडेला.

गावच्या घराचं वेगळं. आमचं घर चिपळूणकडे आहे, पावसात अंगणातल्या चिऱ्यांवर हिरवं शेवाळ येतं, आणि परसातल्या मोरीकडे जाणारी वाट तर विचारू नका. पाऊस सुरू व्हायच्या आधी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासायचं, पावसातही मधूनमधून, आणि अंगणातून मोरीपर्यंत एक दोरी किंवा बांबूचा कठडा बांधून घ्यायचा. सकाळी फुलं काढायला अंधारात बाहेर पडणं बंद, उजाडल्यावर जायचं.

८. पायांत ताकद

घर कितीही दुरुस्त केलं तरी पायांत ताकद नसेल तर उपयोग अर्धाच. आणि "पडतील म्हणून बसवून ठेवा" हे तर उलटं काम करतं, बसून बसून मांड्यांचे स्नायू जातात, मग उठवत नाही, मग अजून बसून राहतात. तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम नियमित केले की पडण्याचं प्रमाण जवळजवळ पाव भागानं कमी होतं हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. नुसतं चालणं पुरत नाही, तोल साधायचा व्यायाम हवाच.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात घरी करायचा असा एक कार्यक्रम तयार झाला, ओटागो याच नावानं तो ओळखला जातो, फिजिओला नाव सांगा. साधारण अशा गोष्टी:
- ओट्याला धरून टाचा उचलणं, मग चवडे उचलणं
- खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, जमेल तितकं
- बसून गुडघा सरळ करणं, नंतर घोट्याला वजन बांधून
- एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभं राहणं, १० सेकंदांपर्यंत न्यायचं
- ओट्याला धरून बाजूला चालणं

पहिल्यांदा फिजिओकडून करून घ्या, मग आठवड्यातून तीनदा. आमच्याकडे संध्याकाळी भाजी निवडायच्या आधी ओट्याजवळच करतो, मीही सोबत करते, एकट्यानं करायला सांगितलं की चार दिवसांत बंद पडतं. जेवणात डाळ, दूध-दही, अंडी चालत असतील तर अंडी, नुसता चहा-खारी खाऊन स्नायू होत नाहीत.

९. काठी आणि वॉकर

सरळ उभं राहून हात खाली सोडायचा, मनगटाची घडी जिथं येते तिथं काठीची मूठ हवी. दुसऱ्याची, वारशात आलेली काठी बहुतेक वेळा उंच असते. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हे सगळेच उलट करतात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय आणि काठी. खालचं रबर गुळगुळीत झालं की बदला, मेडिकल किंवा सर्जिकल दुकानात स्वस्तात मिळतं. वॉकर फिजिओला विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि घेण्याआधी बाथरूमच्या दाराची रुंदी मोजा, अनेक फ्लॅटमध्ये तो दारातून जातच नाही.

१०. पैसे आणि कागदपत्रं

- *राष्ट्रीय वयोश्री योजना:* ६० च्या पुढचे, दारिद्र्यरेषेखालचे किंवा महिना १५,००० पर्यंत उत्पन्न असलेले. काठी, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, चष्मा असं साहित्य शिबिरांतून फुकट.
- *मुख्यमंत्री वयोश्री योजना:* महाराष्ट्रात २०२४ पासून. ६५ च्या पुढचे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत. एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात. कमोड खुर्ची, वॉकर, ट्रायपॉड (तीन पायांची काठी) यात बसतात, पावत्या जपून ठेवा. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात, अर्ज सध्या घेतायत का ते विचारूनच जा.
- *आयुष्मान वय वंदना कार्ड:* ७० च्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. हे ऑक्टोबर २०२४ पासून. काहीही झालेलं नसताना काढून ठेवा, ऑपरेशनच्या दिवशी अंगठा घ्यायला धावपळ नको.

फाइलमध्ये: आधार (जन्मतारीख बरोबर आहे ना आणि मोबाइल नंबर जोडलेला आहे ना बघा), आधार जोडलेलं बँक पासबुक, फोटो, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला किंवा स्वयंघोषणापत्र, चालू औषधांची यादी, रक्तगट. आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत हेल्पलाइन नंबर, सकाळी ८ ते रात्री ८, योजना समजत नसेल तर इथं विचारा. एजंटला पैसे देऊ नका.

११. तरीही पडले तर

पहिली गोष्ट म्हणजे काखेत हात घालून लगेच उठवायचं नाही. सगळे धावतात आणि हेच करतात. आधी तिथंच बसा, बोला, कुठं दुखतंय विचारा. एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, मांडीच्या सांध्यात खूप दुखतंय, असं असेल तर खुबा मोडलेला असू शकतो, अजिबात हलवू नका, अंगावर पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत झालेलं चांगलं असतं, तेव्हा "सकाळपर्यंत बघू, तेल लावून शेकू" म्हणू नका. मालिशवाल्याकडे तर नाहीच.

डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बोलतायत, हसतायत, सगळं ठीक दिसतंय तरीही हॉस्पिटलला न्या. रक्तस्राव हळूहळू होतो आणि कळतो उशिरा.

दुखापत नसेल तर त्यांना स्वतः उठू द्या. कुशीवर वळायचं, कोपरावर येऊन मग गुडघ्या-हातांवर यायचं, रांगत मजबूत खुर्चीपाशी जायचं, खुर्चीवर दोन्ही हात, एक पाऊल पुढं घेऊन जमिनीला टेकवायचं, रेटा देऊन उठायचं आणि वळून बसायचं. हे फिजिओकडून आधीच एकदा गादीवर करून घ्या. एकटे राहत असतील तर फोन कायम गळ्यातल्या किंवा कमरेच्या पाउचमध्ये, अंघोळीलाही हाताशी, आणि घराची एक किल्ली शेजारच्या विश्वासू घरी. सकाळी अमुक वाजेपर्यंत दार उघडलं नाही तर शेजाऱ्यांनी फोन करायचा, असं ठरवून ठेवा.

मग वहीत लिहा: किती वाजता, कुठं, पायात काय होतं, काय करत होत्या, आधी कुठली गोळी घेतली होती, चक्कर आली की पाय घसरला. डॉक्टर हेच विचारतात आणि दोन दिवसांनी कुणालाच नीट आठवत नाही.

पडल्यानंतर मुकामार बरा झाला तरी भीती राहते. सासूबाई कितीतरी दिवस पॅसेजच्या पुढे यायलाच तयार नव्हत्या. "घाबरू नका" म्हणून भीती जात नाही. आम्ही पलंगापासून खिडकीतल्या खुर्चीपर्यंत असं रोज ठरवून चालवलं, फिजिओ एका बाजूला आणि मी एका बाजूला, मग पॅसेज, मग लिफ्टपर्यंत. डॉक्टरांनी वजन टाकायची परवानगी दिली की त्याच दिवसापासून हे सुरू करा, उशीर करू नका.